आनंदीबाई जोशी यांची अमेरिकेतील पत्रे : भाषादृष्ट्या काही विचार

देशांतर करून गेलेला मनुष्य व घरी राहिलेले आप्त यांच्यातील पत्रव्यवहार हा इतिहासकारांच्या उपयोगाचा विषय मानला जातो. भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे तितकेसे लक्ष दिलेले नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधून न्यू इंग्लंडमध्ये गेलेल्या कुटुंबांची पत्रे याची साक्ष देतात. जॉन विन्थ्रॉप १६३० मध्ये समुद्रापार गेला. त्याची पत्नी मार्गारेट मागे राहिली व १६३१ मध्ये त्याच्याकडे पोहोचली. दर सोमवारी व शुक्रवारी सायंकाळी ठराविक वेळी परस्परांचे स्मरण करावे, असा संकेत त्या दोघांनी ठरविला होता. विन्थ्रॉप कुटुंबाची पत्रे जपली गेली. त्यांत प्रवासाच्या व वसाहतीच्या बातम्या आहेतच. पण प्रत्यक्ष सहवास तुटला असता नाते शब्दांनी कसे धरून ठेवावे, हा प्रश्न त्या बातम्यांच्या तळाशी आहे.

मराठी भाषिकांत या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण आनंदीबाई जोशी यांच्या पत्रांत सापडते. आणि त्याचा धागा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याशी दोन ठिकाणी जुळतो. गोपाळराव जोशी मूळचे संगमनेरचे. शिवाय अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडल्यापासून तेथून न्यू इंग्लंडकडे पत्रांचा ओघ सुरू झाला होता. या मिशनचे रॉयल वाइल्डर १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांनी प्रथम नगरला व नंतर कोल्हापूरला काम केले. मायदेशी परतल्यावर ते प्रिन्स्टन येथून एक मासिक चालवू लागले. पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे गोपाळरावांचे १८७८ मधील पत्र त्याच मासिकात छापले गेले, आणि धर्मांतराचा उपदेश करणारे वाइल्डरांचे उत्तरही त्यासोबत आले. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या दृष्टीस तो मजकूर पडला आणि त्यांनी १८८० मध्ये आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. ज्या वाटेने परके लोक आपल्या घरी पत्रे धाडीत होते, त्याच वाटेने एका मराठी स्त्रीचे देशांतर घडून आले.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. येथे विन्थ्रॉप दांपत्याची स्थिती नेमकी उलटलेली दिसते : पत्नी परदेशी, पती मागे. गोपाळराव टपाल खात्यातील नोकर होते, हा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे. १८७६ मध्ये हिंदुस्थान जागतिक टपाल संघात सामील झाल्यामुळे पत्र पाठविणे सुकर झाले होते. परंतु ते पोहोचण्यास अनेक आठवडे लागत. रागाने लिहिलेल्या वाक्याचे उत्तर येईपर्यंत राग निवालेला असे. ज्याला ते लागले तो मात्र अद्याप दुखावलेलाच असे.

मराठीतील पारंपरिक पत्राचा मायना नात्याची पायरी प्रथम निश्चित करतो. तीर्थरूप, चिरंजीव, राजश्री, साष्टांग नमस्कार, अनेक आशीर्वाद : या शब्दांवरूनच लिहिणारा वर उभा आहे की खाली, हे कळते. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात पतीचे नाव उच्चारणे पत्नीला निषिद्ध. त्याचा निर्देश आदरार्थी बहुवचनाने. आणि तिला मिळणारे सर्वनाम मात्र ‘तू’. अशा भाषेत पतीच्या वर्तनाचा न्याय करणारे वाक्य रचणे हे केवळ धैर्याचे काम नव्हे. त्या वाक्याला व्याकरणात मुळी जागाच नसते. तरीही काशीबाई कानिटकर यांनी १८८९ मधील चरित्रात दिलेल्या पत्रांत तसे एक पत्र आहे. लहानपणी सोसलेली मारहाण, अंगावर फेकलेली पुस्तके व खुर्च्या, सोडून जाण्याची धमकी, यांची आठवण आनंदीबाई पतीला करून देतात. अंतिम हेतूच्या दृष्टीने ते वर्तन योग्य असेल, पण बालमनावरील परिणामाच्या दृष्टीने अयोग्यच होते, असा दुहेरी निर्णय त्या देतात. आणि हिंदू पत्नीला पतीपुढे बोलण्याचा अधिकार नाही, हेही त्याच पत्रात नमूद करतात. अधिकार नाही असे लिहिण्यातच तो अधिकार बजावला गेला आहे. समोरासमोर हे बोलता आले असते काय? त्यांच्यामध्ये समुद्र नसता, तर हे पत्र झाले नसते.

उलट दिशेचा पुरावाही तितकाच बोलका आहे. कार्पेंटरबाईंना आनंदीबाई ‘मावशी’ म्हणत. इंग्रजीतील पत्रव्यवहारात हा एकच मराठी शब्द परक्या स्त्रीला कुटुंबात बसवितो. आईची बहीण म्हणजे मायेचा हक्क, आणि सासरच्या अधिकाराचा संपूर्ण अभाव. आपल्या भाषेतील कोणते नाते बंधनाचे व कोणते मोकळिकीचे, याची ही अचूक जाण आहे.

या पत्रांचे आजवरचे वाचन या बाबतीत अपुरे पडते. कॅरोलिन डॉल यांचे १८८८ मधील इंग्रजी चरित्र आनंदीबाईंची थोरवी अमेरिकन वाचकांसमोर मांडते. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ मधील ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने हे दांपत्य घरोघर पोहोचविले; परंतु कादंबरीत पत्र हे कथानकाचे साधन होते. मीरा कोसंबी यांच्या इंग्रजी अभ्यासाने पत्रांना स्वतंत्र मोल दिले, हे ऋण मोठेच. तथापि इंग्रजीत पती व पत्नी या दोघांनाही एकच द्वितीयपुरुषी सर्वनाम लागते. त्यामुळे बहुवचनी आदर राखून केलेला आरोप अनुवादात बरोबरीच्या व्यक्तीने केलेल्या आरोपासारखा वाचला जातो. त्यातील धार शिल्लक राहते; धोका मात्र नाहीसा होतो.

१८८५ मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोहोचले आणि पत्रांचे प्रयोजन संपले. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या रक्षेचा काही अंश न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवला गेला. ‘मावशी’ हा शब्द केवळ उपचाराचा नव्हता, याचा याहून वेगळा पुरावा नको. त्या डॉक्टर झाल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. मराठी पत्नीच्या वाक्याला त्यांनी एक नवी जागा करून दिली, ही गोष्ट मात्र मूळ मराठी पाठ शब्दशः वाचल्याखेरीज हाती येणार नाही. आणि ते काम मराठीच्या अभ्यासकांचेच आहे.