पडद्यावरील मोटार-शर्यती : खरे किती, खोटे किती?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पवित्र मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात चित्रपट दाखविण्याची परवानगी मागितली. कोणता, असे विचारता, रॉन हॉवर्ड यांचा २०१३ सालचा 'रश', असे उत्तर आले. मोटारींच्या शर्यतीचा चित्रपट म्हटल्यावर आमच्या कपाळावर आठी चढली. आरे-वारेच्या सागरी रस्त्यावर सायंकाळी दुचाकी कशा धावतात, हे रत्नागिरीकरांस वेगळे सांगावयास नको. आणि अशा धावण्यापायी गेलेल्या दोन तरुणांचे अंत्यविधी आम्ही स्वतः केले आहेत. तरीही परवानगी दिली. अट एकच घातली, की आम्हीही बसणार. (मध्येच काही दृश्ये घाईघाईने पुढे सरकवावी लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे. हंट नामक नायकाच्या दिनचर्येत शर्यतीखेरीज बरेच काही आहे.)

त्यानंतर आम्हांला या विषयाचा नाद लागला. काही पूर्वी पाहिलेले व काही नवे, असे शर्यतींचे चित्रपट आम्ही पुन्हा पाहिले, आणि हे चित्रपट खरे किती असतात, हा प्रश्न मनात घोळू लागला. वाचक विचारतील, की ज्याने मोटारींची शर्यत प्रत्यक्ष कधी पाहिली नाही, त्याने हे ठरवावे कसे? आक्षेप रास्त आहे. कोल्हापुरात कार्टिंगची धावपट्टी आहे; दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली व पुढे बंद पडली. आपल्यापैकी बहुतेकांना तेवढेही पाहावयास मिळालेले नाही. म्हणूनच पडदा जे दाखवील ते आपण खरे धरून चालतो. पण शर्यत ही गोष्टच आपल्याला परकी आहे असे मात्र नाही. संगमेश्वर-लांज्याकडे भर पावसात चिखल-नांगरणीच्या स्पर्धा होतात, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे, की जोडी चिखलातून धावते ती थोडा वेळ; त्याआधी असते ते दिवसभराचे ताटकळणे, बैलांची वर्षभराची खुराक, डोक्यावरून गळणारा पाऊस, आणि एखाद्या बैलाने ऐनवेळी मान वळविली की पाण्यात गेलेले सारे श्रम. आमच्यापाशी मापदंड आहे तो एवढाच.

त्या मापाने पाहता बहुतेक चित्रपट पहिल्याच वळणावर घसरतात. त्यांतील एक दृश्य वाचकांनी शंभरदा पाहिले असेल. सरळ रस्त्यावर नायक व खलनायक चाकाला चाक लावून चालले आहेत. दोघे एकमेकांकडे पाहतात. मग नायकाचे डोळे बारीक होतात, हात गिअरवर जातो, पाय खाली दाबला जातो आणि गाडी सुसाट पुढे निघते. आता साधा प्रश्न असा, की हा पाय आतापर्यंत कोठे होता? शर्यतीचा चालक सरळ रस्त्यावर प्रथमपासूनच पूर्ण दाब देऊन असतो. राखून ठेवलेला वेग त्याच्यापाशी नसतो. तेथे पुढे जावयाचे ते वळणाआधी ब्रेक किती उशिरा लावता येतो यावर, टायर किती झिजले आहेत यावर, आणि टायर बदलण्यासाठी थांबले असता मागचे कामगार किती चपळ आहेत यावर. आमच्या धर्मग्रामात एस. टी.चे एक निवृत्त चालक आहेत. आंबा घाट त्यांनी किती वेळा उतरला असेल याची मोजदाद नाही. ते म्हणाले, "फादर, या पिक्चरमध्ये ब्रेकचा वास कुणालाच येत नाही." इतकी नेमकी समीक्षा आम्हांला साधणार नाही.

आपल्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीने या बाबतीत एकदा फार शहाणपण दाखविले होते. बी. आर. चोप्रा यांचा १९५७ सालचा 'नया दौर' घ्या. टांगा विरुद्ध मोटार-बस ही शर्यत वरवर पाहता केवळ अशक्य. पण चित्रपट घोड्याला पंख लावीत नाही. गावकऱ्यांकडून जवळचा रस्ता बांधवून घेतो. दगड फोडणे, माती वाहणे, भांडणे, फितुरी, पूल, यांतच कथेचा मोठा भाग जातो आणि शर्यत अखेरीस येते. शर्यत तिच्या आदल्या दिवसांत जिंकली वा हरली जाते, हे त्या कृष्णधवल चित्रपटाला कळले होते. पन्नास वर्षांनी, २००७ साली, सिद्धार्थ आनंद यांचा 'ता रा रम पम' आला. गाड्या अमेरिकेतल्या, धावपट्टी गुळगुळीत, रंग झगझगीत. नायक शर्यतीच्या संघातला साधा कामगार. संधी मिळताच अजिंक्य होतो, अपघातानंतर त्याचे धैर्य खचते, कुटुंब दारिद्र्यात लोटले जाते, आणि अखेरीस मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत म्हणून तो पुन्हा जिंकतो. संसाराची पडझड बरी रंगविली आहे. उधारीवरच्या श्रीमंतीचे चित्र तर आजही पुष्कळ घरांना ओळखीचे वाटेल. पण शर्यत? तेथे बापाचे प्रेम हेच इंधन. मुलावर प्रेम करणारा बाप दुसऱ्या गाडीत असूच शकत नाही, अशी जणू चित्रपटाची समजूत आहे.

याच्या उलट टोकाला यंत्राचे वास्तव आहे, आणि त्यात पाश्चात्त्य चित्रपट निर्विवाद पुढे आहेत. जॉन फ्रँकनहायमर यांनी १९६६ सालच्या 'ग्रँड प्रिक्स'साठी धावत्या गाड्यांवरच कॅमेरे चढविले आणि प्रेक्षकाला चालकाच्या खांद्यापाशी आणून बसविले. स्टीव्ह मॅक्वीन यांचा 'ले मान्स' (१९७१) तर त्याहूनही हट्टी. १९७० सालच्या खऱ्या चोवीस तासांच्या शर्यतीत चित्रपटाच्या संस्थेने कॅमेरा बसविलेली गाडी उतरविली होती. आरंभी जवळजवळ अर्धा तास पात्रे परस्परांशी बोलतच नाहीत. फक्त थांबणे, घड्याळ, गर्दी, हृदयाचे ठोके. नांगरणीच्या बांधावर उभे राहिल्यासारखे आम्हांला वाटले ते याच चित्रपटात. नायक जिंकतही नाही. लोकांनी त्या काळी चित्रपट नाकारला, यात नवल नाही. पण याच चित्रीकरणाच्या वेळी डेव्हिड पायपर या चालकाला अपघात होऊन त्याचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चित्रपटाच्या नामावलीत त्याचे आभार मानले आहेत. ते आभार वाचल्यापासून तो निःशब्द अर्धा तास आम्हांला पूर्वीसारखा निर्मळपणे पाहता आलेला नाही. कलेतील खरेपणासाठी माणसाच्या पायाचा व्यवहार करता येतो काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि तरीही चित्रपट उत्तम आहे. ही अडचण आम्हांला सोडविता आलेली नाही.

२०२५ सालच्या 'एफ वन'मध्ये खऱ्या स्पर्धांच्या दिवसांत, खऱ्या धावपट्ट्यांवर चित्रीकरण झाले व अभिनेत्यांनी स्वतः गाड्या चालविल्या. डोळ्यांना खोट काढता येत नाही. मात्र नायक जाणूनबुजून टकरी घडवून शर्यत मंदावतो आणि सहकाऱ्याचा फायदा करून देतो, ही त्याची हुशारी म्हणून रंगविली आहे. २००८ साली सिंगापूर येथे एका संघाने आपल्या चालकाकडून असाच अपघात घडविला होता. पुढच्या वर्षी ते उघडकीस येऊन संघाच्या वरिष्ठांना पदे सोडावी लागली. प्रत्यक्षात जो कलंक ठरला, तो पडद्यावर मिस्कील डावपेच ठरतो. गाडीचा एकेक स्क्रू खरा आणि नीती मात्र नकली, असा हा प्रकार आहे.

आता 'रश'कडे वळू. निकी लाउडा व जेम्स हंट यांच्या १९७६ सालच्या चुरशीची ही कथा. तपशिलात तीही सोवळी नाही. प्रत्यक्षात हे दोघे तरुणपणापासूनचे मित्र. चित्रपटाने त्यांचे हाडवैर रंगविले आहे. हंट एका पत्रकाराला बदडतो, तो प्रसंगही रचलेला. पण अपघात खरा आहे. १ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे लाउडाची गाडी पेटली. मागून येणाऱ्या चालकांनी आपल्या गाड्या थांबवून त्याला ज्वाळांतून ओढून काढले. भाजलेल्या चेहऱ्यापेक्षा फुप्फुसांत गेलेला विषारी धूर अधिक घातक होता. नळी घालून फुप्फुसे स्वच्छ करण्याचे दृश्य आले तेव्हा आमच्या सभागृहात खुर्च्या करकरल्या. शर्यतीच्या दृश्यांत टाळ्या वाजविणारी मुले तेथे गप्प झाली.

त्याच खोलीत एक धर्मगुरू येतो. मरणासन्न समजून लाउडाला तैलाभ्यंग देतो व जातो. हेही घडलेले आहे. पडद्यावरचा लाउडा नंतर त्या धर्मगुरूविषयी, आपण अजून जिवंत आहोत अशा आशयाचे जे बोलतो, ते या त्रैमासिकात छापण्याजोगे नाही. मुले हसली आणि आमच्याकडे वळून पाहू लागली. आम्हांला प्रथम राग आला. पुढे लाउडाने स्वतः सांगितलेली हकीकत कळली, तेव्हा तो राग दुसरीकडे वळला. धर्मगुरू आले, त्यांनी विधी केला, पण धीराचा एक शब्दही न बोलता ते निघून गेले, असे त्याचे म्हणणे. आणि त्या संतापानेच त्याला जगण्याची ईर्षा दिली. हा संस्कार केवळ मरणाऱ्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितले होते. पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली नवा विधीही दिला होता. म्हणजे त्या खोलीत नवा विधी चार वर्षे उशिरा का होईना, पोचावयास हरकत नव्हती. चित्रपटाने येथे अतिशयोक्ती केली असती तर आम्हांला बरे वाटले असते. "फादर, तुम्ही तिथं असता तर काय बोलला असता?" असे एका मुलीने विचारले. तेलाची कुपी घेऊन घाईघाईने गेलेल्या आणि घाईघाईने परतलेल्या कितीतरी रात्री आम्हांला आठवल्या. उत्तर दिले ते काहीतरी गुळमुळीतच होते.

सहा आठवड्यांत, १२ सप्टेंबरला, लाउडा मोन्झा येथे रक्ताळलेल्या पट्ट्यांनिशी धावला व चौथा आला. एखाद्या हिंदी चित्रपटाने येथेच पडदा पाडला असता. 'रश' मात्र २४ ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे जातो. पाऊस एवढा, की पुढची गाडी दिसत नाही. दोन फेऱ्यांनंतर लाउडा गाडी बाजूला घेतो व उतरतो. अजिंक्यपद ६९ विरुद्ध ६८ अशा एका गुणाने हंटकडे जाते. यंत्र बिघडले असे सांगू, अशी सवलत संघाने त्याला प्रत्यक्षात देऊ केली होती. ती त्याने नाकारली. वेगाच्या कथेचा कळस म्हणून नायकाने गाडी थांबविणे, हे आम्ही दुसऱ्या कोणत्याही शर्यतपटात पाहिलेले नाही.

चित्रपट संपल्यावर चहा घेताना याच थांबण्यावरून वाद झाला. निम्मी मुले म्हणाली, तो घाबरला. एवढे भाजूनही परत आला, मग दोन फेऱ्यांत का उतरला? दुसरी निम्मी त्याच्या बाजूने होती, पण त्यांनाही नीट सांगता येईना. दुचाकीवर येणारी तिघे-चौघे मात्र काहीच बोलली नाहीत. आम्ही एस. टी.च्या त्या चालकांकडे पाहिले. ते बशीत चहा ओतीत होते. घाटात धुके दाटले म्हणून आपण एकदा भरलेली गाडी दोन तास कडेला उभी केली होती, प्रवाशांनी शिव्या घातल्या आणि आगारात लेखी जबाबही द्यावा लागला, एवढेच ते म्हणाले.