फलकावरचा अंश : लातूर-नांदेडच्या झळकत्या पाट्यांचे वाचन

मराठीत पाट्यांचे कौतुक झाले ते पुणेरी पाट्यांचे, आणि तेही विनोद म्हणून. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला महाकाय फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला, तेव्हा चर्चा झाली ती परवानगीची आणि मापांची. फलकावर काय लिहिलेले असते, या प्रश्नाकडे आपण सहसा वळत नाही. लातूरचा ट्यूशन एरिया किंवा नांदेडचा श्रीनगर-बाबानगर भाग संध्याकाळी पायी फिरला, तर हा प्रश्न टाळता येत नाही. तिथे वाचायला दुसरे काही नसतेच.

या फलकांचा एक ठरलेला साचा आहे. मुलाचा किंवा मुलीचा चेहरा, खाली नाव, त्याखाली नावापेक्षा मोठ्या आकड्यात ७२० पैकी गुण, आणि कोपऱ्यात संचालकांचा हसरा फोटो. फ्लेक्सवर हे चेहरे वर्षभर उन्हात विटत. आता एलईडीच्या पडद्यावर ते काही सेकंदांनी बदलतात. बदलले ते एवढेच. नवे तंत्रज्ञान आले की नवे म्हणणे येते, या समजुतीला लातूरइतका स्वच्छ उतारा क्वचितच सापडेल. पडदा नवा आणि वाक्य जुनेच : ‘आमचा विद्यार्थी’.

या वाक्याचा इतिहास मात्र पाहण्यासारखा आहे. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव रूढ झाले ते बोर्डाच्या गुणवत्ता याद्यांमुळे. राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांची मुले त्या यादीत येऊ लागली आणि मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावाला राज्यभर मान मिळाला. तो मान खरा होता, कष्टाचा होता. पुढे राज्य मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली. मुलांवरचा ताण कमी व्हावा, हा त्यामागचा विचार. पण यादी संपली नाही, तिने घर बदलले. मंडळाची यादी सर्वांची एकच होती. आता प्रत्येक क्लासची स्वतःची आहे, आणि ती तपासणारा कोणी नाही.

गणिताच्या भाषेत सांगायचे तर या फलकांवर फक्त अंश असतो. छेद कुठेच नसतो. किती मुले बसली, किती मुलांनी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा परीक्षा दिली, किती जण मधूनच घरी परतले, हे सांगणारी एकही ओळ मला दिसली नाही. अहमदपूरचा किंवा मुखेडचा बाप शेत गहाण टाकून मुलीला इथे ठेवतो, तेव्हा त्याला हवा असतो नेमका तो छेद. त्याला दाखवला जातो चेहरा.

हीच रीत बाजार समितीत दिसते. लातूरचा आडत बाजार सोयाबीन आणि तुरीसाठी मोठा. दराचा तक्ता किमान, कमाल, सर्वसाधारण असा तीन रकान्यांचा. तो खडूने लिहिला जाई तेव्हाही असाच होता आणि पडद्यावरही असाच आहे. नजर जाते ती कमाल दराकडे. तो दर किती क्विंटलला मिळाला? कदाचित एकाच शेतकऱ्याच्या पाच पोत्यांना. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव त्याच्या खाली रेंगाळत होता. सरकारी खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती; त्या हंगामात ती पुढे १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. पडद्यावरच्या आकड्यात हा ओलावा दिसत नाही, मालातली माती दिसत नाही. खडूने लिहिणाऱ्या माणसाला निदान विचारता येत असे, ‘हा भाव कुणाला लागला रं?’ तो उत्तर देई किंवा तोंड फिरवी. तोंड फिरवणे हेही उत्तरच होते.

याचा अर्थ खडू निष्पाप होता असा नाही. आज शेतकरी घरून निघण्याआधी मोबाइलवर चार बाजारांचे भाव पाहतो, ही लहान गोष्ट नव्हे. आडत्याच्या शब्दावर त्याला पूर्वीइतके विसंबावे लागत नाही. माझी तक्रार यंत्राबद्दल नाही, रकान्यांबद्दल आहे. कोणत्या दराने किती माल गेला ही नोंद सौद्यातच होते, हिशेबपट्टी तिच्यावरच निघते. चौथा रकाना वाढवायला शोध लागत नाही.

६ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स इमारतीभोवती दिव्यांची अक्षरे पहिल्यांदा धावली, ती अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल सांगत. खाली गर्दी जमली, कारण तो निकाल सर्वांचा होता. झळकत्या पाटीने माणसे एकत्र येतात, या कल्पनेला तिथे आधार आहे. पण लातूरच्या पडद्याखाली गर्दी थांबत नाही. सायकलवरून जाणारी मुले मान खाली घालून जातात.

लिपीचेही थोडे सांगितले पाहिजे. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा नियम २०२२च्या दुरुस्तीने कडक झाला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदतही दिली. पाट्या आल्या. पण स्वस्त धावत्या पट्टीची उंची बहुधा १६ ठिपक्यांची. रोमन अक्षर त्यात आरामात बसते. देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार हवा. मग ‘विद्यार्थी’चा रफार उडतो, जोडाक्षर पाय मोडून पडते. पेंटरचा ब्रश ही जागा ओळखत असे. नांदेडला देवनागरी, उर्दू आणि गुरुमुखी अशा तीन लिप्या हाताने लिहिलेल्या पाट्यांवर शेजारी नांदल्या, ते याच ब्रशच्या जोरावर.

एलईडीच्या खांबाला खाली मात्र अजून कागद चिकटवलेले असतात. मेस, खोली, जुनी पुस्तके. हाताने लिहिलेले, फोन नंबरच्या चिंध्या फाडून नेता येतील असे. ‘रूममेट पाहिजे. एक कॉट रिकामी. रिपीटर चालेल.’ वरच्या पडद्यावर ज्यांची गणती नाही, ती मुले या कागदांवर भेटतात. जूनमध्ये निकाल लागला की असे कागद एकदम वाढतात, आणि त्यांच्या अर्ध्या चिंध्या दोन दिवसांत फाडून नेलेल्या असतात.