आधी ली, मग रिग्ज

स्पाइक लीच्या ‘स्कूल डेझ’मधलं (१९८८) मिशन कॉलेज काल्पनिक आहे, पण ली स्वतः अटलांटाच्या मोअरहाऊसमध्ये शिकला. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांतली रंगाची, केसांची उतरंड तो आतून ओळखतो आणि बेधडक दाखवतो. नायक डॅप दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहणारा. तोच डॅप आणि त्याचे मित्र रंगमंचावर प्रतिस्पर्ध्यांना समलिंगी म्हणून हिणवत ठेका धरतात, तेव्हा कॅमेराही त्या ठेक्यात रमतो. तिथे लीला काही खुपत नाही.

मार्लन रिग्जला खुपलं. ‘टंग्ज अनटाइड’ (१९८९) या माहितीपटात त्याने तोच तुकडा उचलला. आता तो, ज्याला हिणवलं जातंय त्याच्या कानांनी ऐकू येतो. समलिंगी, पारलिंगी माणसांचं असणं हा आजार न मानणारं समाजकार्य या महाविद्यालयांत कसं शिकवावं, हे मला पाठ्यपुस्तकांपेक्षा या उचलेगिरीतून जास्त कळतं. कारण तिथली खरी अडचण माहितीची नाही. बऱ्याच संस्थांची मुळं चर्चमध्ये आहेत आणि विषयावर ‘हे गोऱ्यांचं’ असा शिक्का सहज बसतो. तो पुसायला बाहेर जायला नको. हॉवर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारा अ‍ॅलन लॉक आणि विल्बरफोर्स व चेनीत शिकलेला, १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाचा संयोजक बायर्ड रस्टिन, दोघेही समलिंगी होते. ऑड्री लॉर्डची कागदपत्रं स्पेलमनमध्ये आहेत. (तीही वाचावीच लागेल, रिग्जच्या चित्रपटात स्त्रिया जवळपास नाहीतच.)

अटलांटात १९२० साली कृष्णवर्णीय समाजकार्यकर्ते घडवणारी शाळा निघाली. आज ती क्लार्क अटलांटा विद्यापीठात, मोअरहाऊसच्या शेजारीच आहे. गरिबीचं मूळ गरिबाच्या स्वभावात शोधू नये, हे तिथल्या विद्यार्थ्याला वेगळं सांगावं लागत नसेल. तोच न्याय पुढे न्यायचा आहे. पण भोवतालही शिकवत असतो. मोअरहाऊसच्या वसतिगृहात २००२ साली, समलिंगी असल्याच्या निव्वळ संशयावरून एका विद्यार्थ्याला बेसबॉलच्या बॅटने मारलं गेलं. २००९च्या पोशाख-नियमांनी मुलांना बायकी कपडे घालायला बंदी केली. पारलिंगी पुरुषांना प्रवेश मिळू लागला तो २०२०पासून.

म्हणून वर्गात दोन्ही तुकडे दाखवावेत, आधी ली, मग रिग्ज. पहिल्या वेळी काही जण हसतील. दुसऱ्या वेळी त्या हसण्याचं काय होतं, तिथून तासाला सुरुवात करता येईल.