जुन्या ध्वनिमुद्रिकांचे पुनर्प्रकाशन : मराठी संगीत रंगभूमीच्या संदर्भात एक पाठचिकित्सा

प्रास्ताविक

मराठी संगीत रंगभूमीच्या अभ्यासकाला नाटकाची छापील संहिता मिळते, नाटकमंडळ्यांचा इतिहास मिळतो, समकालीनांच्या आठवणीही मिळतात. गायन मात्र केवळ ध्वनिमुद्रिकांतच उरले आहे. 'स्वयंवर' (१९१६) या नाटकाच्या चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्वतःच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या स्वररचनेची ओळख आजच्या श्रोत्याला प्रामुख्याने बालगंधर्वांच्या तबकड्यांतून होते. रत्नागिरीशी निगडित उदाहरण घ्यायचे तर वि. दा. सावरकरांनी येथील स्थानबद्धतेच्या काळात (१९२४-१९३७) लिहिलेले 'संन्यस्त खड्ग' हे नाटक बळवंत संगीत मंडळीने १९३१ मध्ये रंगभूमीवर आणले. त्या मंडळीचे प्रमुख गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ मध्ये वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी निधन पावले. त्यांचे रंगभूमीवरील गायन प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता राहिलेली नाही. त्यामुळे 'संन्यस्त खड्ग'मधील त्यांनी गायिलेल्या पदांच्या तबकड्या म्हणजे केवळ रसिकांचा ठेवा नसून तो एक प्राथमिक पुरावा आहे.

या मूळ तबकड्या बाजारातून कधीच नाहीशा झाल्या. आजचा अभ्यासक त्या ऐकतो त्या सीडीवर किंवा इंटरनेटवरील संगीत-सेवांवर. तेथे पोहोचलेला ध्वनी अनेकदा जुन्या, वापरलेल्या तबकडीवर सुई ठेवूनच मिळवलेला असतो. अशा पुनर्प्रकाशनाकडे 'नक्कल' म्हणून पाहावे की 'संपादन' म्हणून, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. नक्कल नव्हे, संपादन

ग्रामोफोन तबकडीच्या निर्मितीत मूळ ध्वनी मेणाच्या चकतीवर कोरला जाई. तिच्यावरून धातूचा साचा तयार होई आणि त्या साच्यावरून लाखमिश्रित तबकड्या दाबून काढल्या जात. धातूचा साचा हाती असेल तर पुनर्प्रकाशन मुळाच्या सर्वांत निकट जाते. तो नष्ट झाला असेल तर विकली गेलेली, घरोघरी वाजवली गेलेली तबकडी हाच एकमेव साक्षीदार उरतो.

ही परिस्थिती मराठी संशोधनाला अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची जुनी प्रत प्रसिद्ध केली, किंवा वि. सी. सुखठणकर यांच्या संपादनाखाली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतील आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण केले, तेव्हा कर्त्याची मूळ प्रत कोणापाशीच नव्हती. होत्या त्या उत्तरकालीन प्रती. कोणती प्रत घेतली, का घेतली, कोठे पाठ बदलला, हे वाचकाला सांगणे ही संपादकाची पहिली जबाबदारी मानली गेली. तबकडीवरून सीडी काढणारा तंत्रज्ञही असेच निर्णय घेत असतो. फरक इतकाच की त्याचे निर्णय बहुधा अनुच्चारित राहतात. पुस्तकाच्या संपादकाकडून जी शिस्त अपेक्षिली जाते, तिच्यातून ध्वनीच्या संपादकाला सूट देण्याचे काहीही कारण दिसत नाही.

२. वेग, स्वर आणि तान

पहिला निर्णय वेगाचा. जुन्या तबकड्यांना सरसकट '७८ फेऱ्यांच्या' म्हटले जात असले तरी आरंभीच्या काळात हा वेग पक्का नव्हता. सत्तरीच्या आतबाहेरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत तो बदलत असे. ७८ फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी सुमारे ८२.६ फेऱ्यांनी फिरवली तर गायकाचा षड्ज नेमका अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेले पद पांढरी दोनमध्ये ऐकू येते. त्याचबरोबर लय सुमारे सहा टक्क्यांनी वाढते आणि आवाजाचा पोतही बारीक होतो.

दीनानाथांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर आहे. त्यांची कीर्ती वेगवान, चमकदार तानेवर आणि उंच पट्टीतल्या झेपेवर आधारलेली आहे. स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही भूमिका करणाऱ्या या नटाच्या आवाजाचे वर्णन करताना समीक्षक ज्या तेजाविषयी लिहितो, त्यातील किती अंश गळ्याचा आणि किती फिरत्या तबकडीचा, हे वेगाची खात्री केल्याशिवाय सांगता येणार नाही. सीडी ऐकून तीच पट्टी, तीच गती साधण्याचा प्रयत्न करणारा विद्यार्थी कदाचित यंत्राच्या चुकीचा रियाज करीत असतो.

वेग तपासण्याचे काही उपाय उपलब्ध आहेत. साथीला ऑर्गन किंवा हार्मोनियम असल्यास तिचे सूर गायकाच्या इच्छेने हलत नाहीत. पुनर्प्रकाशित ध्वनीतील षड्ज जर दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत असेल, तर वेगाविषयी शंका घेण्यास जागा आहे. त्या काळची सर्व वाद्ये एकाच मानाने जुळवलेली नसल्याने हा पुरावा निर्णायक ठरत नाही. मात्र त्याच गायकाच्या एकाच बैठकीतील इतर तबकड्यांशी तुलना केल्यास तो पुष्कळ बळकट होतो.

३. खरखर आणि शब्द

दुसरा निर्णय खरखर घालवण्याचा. सुईची निवड हाच येथे पहिला संस्कार ठरतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते, तर लाँग प्ले तबकडीला सुमारे २५ मायक्रॉनची. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीतून घसरत जाते आणि जी खरखर नंतर संगणकाने पुसावी लागते, ती तिनेच वाढवलेली असते.

पुसण्याच्या क्रियेलाही किंमत मोजावी लागते. तबकडीची सरसर ज्या उंच कंपनांत असते, त्याच क्षेत्रात मराठीतील स, श, च, छ यांसारख्या व्यंजनांची ओळखही असते. सरसर सरसकट गाळली की व्यंजने बोथट होतात. ख्यालात ही हानी काही अंशी सुसह्य ठरेल, परंतु नाट्यपदात शब्द हा स्वराइतकाच महत्त्वाचा असतो. पात्राची मनोवस्था, प्रसंग आणि श्लेष शब्दांतूनच प्रेक्षकापर्यंत पोहोचतात. विद्युत-ध्वनिमुद्रणापूर्वीच्या, म्हणजे १९२५ पूर्वीच्या कर्ण्यासमोर गायलेल्या तबकड्यांत उंच कंपने मुळातच तोकडी असतात. त्यांतून आणखी वजा करणे म्हणजे पाठ शुद्ध करण्याच्या नावाखाली अक्षरे खोडणे होय. गुळगुळीत ध्वनी म्हणजे शुद्ध ध्वनी, हे समीकरण म्हणूनच मान्य करता येत नाही.

सीडीच्या रचनेतूनही अर्थ बदलतो. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गायन मावते. रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत विस्तारणारे पद गायकाला या मर्यादेत आटोपावे लागे. सुमारे ७४ मिनिटांच्या सीडीवर अशा वीसहून अधिक बाजू सलग मांडल्या जातात. कर्ण्याच्या आणि विद्युत-मुद्रणाच्या काळातील पदे लोकप्रियतेच्या क्रमाने एकत्र येतात, त्यांच्या आवाजाची पातळी समान केली जाते आणि गायकाच्या दोन दशकांच्या वाटचालीचा क्रम पुसला जातो. पदाच्या शेवटी गायकाने स्वतःचे नाव उच्चारलेले असल्यास आणि ते कापले गेल्यास, तबकडीच्या जन्माचा दाखलाच नाहीसा होतो.

४. प्रतींचा वंशवृक्ष

तिसरा प्रश्न उगमाचा. ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्या पुढे फितीवर उतरवून लाँग प्लेच्या स्वरूपात आल्या, नंतर कॅसेटवर आणि शेवटी सीडीवर. लाँग प्लेवरून सीडी काढली असेल तर पहिल्या फितीच्या वेळी झालेली वेगाची चूक पुढील प्रत्येक पिढीत उतरते. हस्तलिखितांत सामायिक अशुद्धांवरून प्रतींचे नाते ठरवतात. तोच न्याय येथे लावता येतो. दोन वेगवेगळ्या सीडींवर एकाच मात्रेवर एकच 'टक्' असा आवाज येत असेल, तर त्यांचा उगम एकाच ओरखड्यात असण्याचा संभव मोठा. तो ओरखडा साच्यातच असेल तर सर्वच तबकड्यांत आढळेल. म्हणून तिसऱ्या, स्वतंत्र तबकडीशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

अशी स्वतंत्र तबकडी कोठे मिळेल, हे संग्राहकांवर अवलंबून आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेचे कार्य या दृष्टीने मूलगामी आहे. वडाळ्याच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या काळात 'यंग इंडिया' या नाममुद्रेखाली तबकड्या काढल्या. कंपनी बंद पडल्यावर त्या संग्राहकांच्या घरांतूनच गोळा कराव्या लागल्या आणि ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने त्यांचे अंकीकरण झाले. येथे तबकडीचे मूळ वेष्टन आणि नाममुद्रा यांनाही ध्वनीइतकेच महत्त्व दिले गेले, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

कोकणाच्या दृष्टीने या प्रश्नाला निकडही आहे. दमट हवेत तबकडीवर बुरशी धरते, वेष्टनाला वाळवी लागते. लाख स्पिरिटमध्ये विरघळत असल्याने सद्हेतूने केलेली सफाईही तबकडीचा नाश करू शकते. प्रत्येक पावसाळ्यागणिक ताडून पाहण्याजोग्या प्रती कमी होत जातात.

५. हक्क आणि जबाबदारी

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, तर शब्द आणि स्वररचना यांचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे. त्यामुळे १९३० च्या दशकातील तबकड्यांचा ध्वनी आज मुक्त आहे. तथापि सावरकरांचे निधन १९६६ चे असल्याने त्यांच्या पदांच्या शब्दांवरील हक्क २०२६ अखेरपर्यंत राहतो. मास्टर कृष्णराव यांचे निधन १९७४ चे असल्याने त्यांच्या चालींवरील हक्क २०३४ अखेरपर्यंत. ध्वनी मुक्त झाल्याने पुनर्प्रकाशन कोणालाही सुलभ झाले आहे, परंतु सुलभतेबरोबर उत्तरदायित्व मात्र वाढलेले दिसत नाही. बालगंधर्वांसोबत अहमदजान थिरकवाँसारखा तबलावादक आणि कादरबक्षांसारखा सारंगीवादक होता. अशा कलावंतांची नावे साथसंगतीच्या नोंदीत नसतील, तर पुनर्प्रकाशनाने इतिहासाची एक बाजूच मूक केली, असे म्हणावे लागेल.

समारोप

तबकडीवरून काढलेली सीडी मूळ साच्यावरून काढलेल्या सीडीपेक्षा आपोआप कमी दर्जाची ठरत नाही. दोष तबकडी वापरण्यात नसून ती वापरल्याचे न सांगण्यात आहे. प्रत्येक पुनर्प्रकाशनासोबत किमान पाच गोष्टी नमूद व्हाव्यात : मूळ तबकडीचा क्रमांक आणि वर्ष, ध्वनी कोणत्या प्रतीवरून घेतला, कोणत्या वेगाने आणि कोणत्या सुईने घेतला, खरखर कोणत्या पद्धतीने कमी केली, आणि साथीदार कोण. याशिवाय कोणताही संस्कार न केलेली प्रत अभ्यासकांसाठी स्वतंत्रपणे जतन केली जावी.

महाविद्यालयीन स्तरावर संगीत आणि नाट्य यांचे अध्यापन करणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणाचा पुरावा म्हणून वापर करताना हे प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. संहितेच्या बाबतीत 'ही कोणती आवृत्ती?' असे विचारल्याशिवाय संशोधन पुढे जात नाही. दीनानाथांच्या तानेविषयी किंवा बालगंधर्वांच्या स्वरलगावाविषयी विधान करण्यापूर्वी 'ही कोणती तबकडी, कोणत्या वेगाने फिरलेली?' असे विचारले जात नाही, तोवर संगीत रंगभूमीची समीक्षा गायकाची आहे की तंत्रज्ञाची, हा प्रश्न अनुत्तरितच राहील.