भाकरी पचली, रानचा आहार?

नाशिकच्या इंदिरानगरातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक प्रकल्प पाहिला. शेतातून पकडलेल्या उंदराला चार दिवस दाणे व भाकरी दिली. ८० ग्रॅम खाल्ले गेले, लेंड्या १० ग्रॅम भरल्या. म्हणून ‘रानउंदराची पचनशक्ती ८७.५ टक्के’. मुलांनी सांडलेले अन्नसुद्धा वजा केले होते, आणि हे मोठी माणसेही विसरतात. तरीही निष्कर्ष आम्हांला पटला नाही.

भाकरीत पाणी असते, ताज्या लेंडीतही असते. दोन्ही वाळवून तोलायला हवीत. काट्यावरची सर्वांत लहान खूण ५ ग्रॅमची होती. म्हणजे लेंड्या ७.५ ते १२.५ ग्रॅम कितीही असू शकतात आणि उत्तर ८४ ते ९१ यांत कुठेही पडते. मग तो ‘पॉइंट पाच’ आला कोठून? शिवाय उंदीर स्वतःच्या काही लेंड्या पुन्हा खातो. त्या हिशेबातून निसटतात.

पण आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. या प्रयोगातून भाकरी किती पचते ते कळले. रानातला उंदीर भाकरी खात नाही. तो बिया, कोंब, मुळे, किडे असे ऋतूप्रमाणे खातो. चोथा वाढला की पचन घटते, त्यामुळे एकाच प्राण्याचा आकडाही वर्षभर सारखा राहत नाही.

रेनी बोर्जेस यांनी भीमाशंकरच्या जंगलात शेकरू काय खाते हे पाहिले आणि त्या खाद्याचे रासायनिक पृथक्करण केले. सुरुवात अशी आहारापासून हवी. मात्र पानात काय आहे हे कळले, तरी त्यातले अंगी किती लागले हे कळत नाही. त्यासाठी प्राण्याला न कोंडता वापरता येणारी एक युक्ती आहे. अन्नाच्या राखेतला आम्लात न विरघळणारा भाग जवळजवळ पचतच नाही. तो अन्नात २ टक्के आणि लेंडीत ८ टक्के असेल, तर चारांतला एक भाग बाहेर पडला, म्हणजे ७५ टक्के पचले.

युक्ती सुंदर, पण फसवी. प्राण्याने साल टाकून गर खाल्ला आणि आपण सालीसकट फळ जाळले, तर सारे गणित बिघडते. लेंडीला माती चिकटली तरी तेच.

फलकाच्या तळाशी याच आकड्यावरून शेतकऱ्याचे नुकसानही काढले होते. उंदराने बिळात साठवलेले आणि कुरतडून टाकलेले धान्य त्याच्या पोटात गेलेलेच नसते. त्याचा पचनाशी काय संबंध?