गिरण्यांच्या अस्तकाळाची छायाचित्रे

चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात रटलँड गेटच्या पाचव्या गल्लीत मॅक्समुल्लर भवन आहे, कॉलेज रोडवर आलियाँस फ्रान्सेज आहे, त्याच रस्त्याला १८१२ साली स्थापन झालेल्या मद्रास लिटररी सोसायटीचे ग्रंथालय आहे. आणि २०१६ सालापासून भरत आलेल्या चेन्नई फोटो बिएनाले या महोत्सवाला आरंभापासून मॅक्समुल्लर भवनाचा आधार लाभल्यामुळे, छायाचित्राकडे गांभीर्याने पाहणाऱ्या रसिकांचा राबता या परिसरात गेल्या काही वर्षांत वाढला आहे. ज्या शहरात १८५७ सालीच छायाचित्रकारांची संस्था निघाली, त्या शहराला हे शोभणारेच आहे. परंतु याच शहराच्या उत्तर अंगाला, येथून सहासात किलोमीटरांवर, पेरंबूर येथे ज्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्यांनी, म्हणजे लोकांच्या तोंडच्या बिन्नी मिलने, कामगारांच्या कित्येक पिढ्यांना पोटाला लावले आणि ज्या १९९६ साली बंद पडल्या, त्यांच्या अस्ताची नोंद या कलेने आपल्या दफ्तरात कितपत केली, असे विचारले तर समाधान होईल असे उत्तर मिळत नाही. मुंबईच्या गिरणगावाविषयी हाच प्रश्न विचारला असता तेथेही हात बहुतांशी रिकामेच राहतात, म्हणून तो मराठी वाचकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

पेरंबूरचे महत्त्व केवळ तेथे निघणाऱ्या खाकी कापडापुरते नव्हते. २७ एप्रिल १९१८ रोजी याच कामगारांना घेऊन मद्रास लेबर युनियन उभी राहिली. तिचे पहिले अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मूळचे मुंबईचे पारशी, थिऑसफीच्या ओढीने अड्यारला येऊन राहिलेले. आणि हिंदुस्थानातील रीतसर बांधलेली पहिली कामगार संघटना म्हणून इतिहासकार बहुधा तिचेच नाव घेतात. अशा जागेचा अंत झाला तेव्हा वृत्तपत्रांनी बातम्या दिल्या, न्यायालयांनी देण्यांचे हुकूम काढले, पुढे गिरणीच्या ओसाड आवारात तमिळ चित्रपटांची चित्रीकरणे होऊ लागली. इतके सगळे घडत असता त्या वस्तीत राहून तिचे उतरते दिवस वर्षानुवर्षे टिपणारा छायाचित्रकार मात्र तिच्या वाट्याला आला नाही.

याचे कारण छायाचित्रकारांच्या अनास्थेत शोधणे अन्यायाचे होईल. ते पुष्कळसे या कलेच्या स्वभावातच आहे. कॅमेऱ्याला घटना कळते. मोर्चा, लाठीमार, गिरणीच्या दारातील सभा, पुढाऱ्याचा उंचावलेला हात हे त्याला पकडता येते आणि १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपाचे हे सारे प्रसंग वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी टिपलेही. पण अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीरच झाले नाही. ज्याला शेवटची तारीख नाही, ज्याच्या काळात माणूस आज खानावळीचे बिल थकवतो, सहा महिन्यांनी मुलीची शाळा सोडवतो, वर्षाने गावाकडच्या जमिनीची वाटणी मागतो आणि चौथ्या वर्षी एखाद्या इमारतीच्या फाटकाशी पहारेकऱ्याच्या गणवेशात उभा राहतो, त्या संथ ओसरण्याचा एकही क्षण असा नसतो की ज्यावर बोट ठेवून छायाचित्रकाराने म्हणावे, हा तो अस्त. तो टिपायचा तर कालावधी टिपावा लागतो, आणि त्यासाठी प्रतिभेपेक्षा मुक्काम अधिक लागतो.

आमच्याकडे या मुक्कामाची परंपरा नव्हती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत औद्योगिक छायाचित्रणाचा जो वैभवकाळ झाला, त्यात मुंबईच्या मित्तर बेदींचे आणि सुनील जाना यांचे काम आजही डोळ्यांचे पारणे फेडते. भट्ट्या, नळांचे जाळे, टाक्यांच्या वर्तुळाकार कडा, धातूवर पडलेला प्रकाश यांत नव्या राष्ट्राच्या भवितव्याविषयीची जी श्रद्धा उमटली आहे ती खोटी नव्हती. परंतु बेदींचे बरेचसे काम कंपन्यांच्या मागणीवरून झालेले, आणि अशा कामात मजुराची आकृती बहुधा यंत्राची भव्यता मोजण्यापुरती येते. दुसरीकडे छायाचित्रमंडळांच्या स्पर्धांनी सुरकुतलेला चेहरा, घामाने चमकणारी पाठ आणि धुरातून उतरलेली किरणशलाका यांचे एक ठरीव अलंकारशास्त्र बनवून टाकले, ज्यात माणसाला नाव नसते, गाव नसते आणि पगारही नसतो. गिरण्या बंद पडू लागल्या तेव्हा उदयाची भाषा आणि शोभेची भाषा अशा दोनच भाषा या कलेला अवगत होत्या. अस्ताची भाषा तिला नव्याने शिकणे भाग होते.

ती शिकण्याऐवजी पुष्कळांनी भग्नावशेषांचा सोपा मार्ग धरला. फुटलेल्या काचा, छपरातून उतरलेले ऊन, गंजलेला साचा म्हणजे माग, भिंतीवर राहून गेलेली सुरक्षेची पाटी; हे विषय इतके छायाचित्रानुकूल असतात की वाईट चित्र काढणेच कठीण जाते. यास व्यावहारिक कारणही आहे. चालू गिरणीत कॅमेरा नेण्याचा परवाना व्यवस्थापन देत नसे. बंद गिरणीत तो पहारेकऱ्याच्या मर्जीवर मिळे. सबब जे पाहण्यासारखे होते ते दाराआड राहिले आणि जे उरले त्याचीच चित्रे झाली. जर्मनीच्या बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पाण्याचे मनोरे, खाणींच्या तोंडावरचे चाकांचे मनोरे आणि भट्ट्या अभ्राच्छादित उजेडात, समोरून, निर्मनुष्य अशा टिपून त्यांचे जे कोष रचले, त्यांचे उदाहरण यावर दिले जाते. बेखरांच्या चित्रांतील वैराग्य मला वंदनीय वाटते, कारण त्यांनी करुणा उत्पन्न करण्याचा यत्किंचितही प्रयत्न केला नाही. ते वर्गीकरण करीत होते. आमच्या भग्नावशेषचित्रांना मात्र शिस्तीशिवाय करुणा हवी असते, आणि जिच्यासाठी रडावे ती माणसे चौकटीत नसल्यामुळे ती करुणा विटांवर खर्ची पडते. परळच्या फिनिक्स गिरणीचे झाले मोठे बाजारसंकुल. तेथे गेलेल्या गिऱ्हाइकालाही गतकाळाची अशी हुरहूर सहज वाटू शकते, आणि जी भावना गिऱ्हाइकाला फुकट मिळते तिच्यासाठी कलावंताची गरज नसते.

रिकाम्या खात्याचे चित्र आणखी एका बाबतीत मुके असते. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि या उष्ट्याच्या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या अधिक पगाराच्या खात्यापासून दूर ठेवले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे उघडपणे मांडला. मद्रासेत १९२१ च्या संपात आदिद्रविड, म्हणजे तिकडचे दलित, कामगार एका बाजूला आणि इतर दुसऱ्या बाजूला होऊन पुळियंतोपच्या वस्तीत जाळपोळ व रक्तपात झाला. साच्यांच्या त्या सुंदर, धुळकट रांगेकडे आज कितीही वेळ पाहिले तरी कोणत्या साच्यावर कोणाला उभे राहण्याची मनाई होती हे दिसणार नाही. ते शब्दांनीच सांगावे लागते. चित्राखाली शब्द आले की कलेचे सोवळे मोडते असे मानणाऱ्यांनी या एका दाखल्याचा विचार करावा; कामगारजीवनाच्या छायाचित्रणात मजकूर हा चित्राचा अर्धा देह आहे असे माझे मत आहे.

मुक्कामाने काय साधते ते पाहायचे तर क्रिस किलिप या छायाचित्रकाराकडे वळावे. इंग्लंडच्या ईशान्येकडील जहाजबांधणी आणि कोळसा यांच्या पडत्या काळात त्याने तेथे वर्षानुवर्षे काम केले. लाइनमथच्या किनाऱ्यावर समुद्राने टाकलेला कोळसा वेचणाऱ्या लोकांनी त्याला आधी हाकलून दिले होते, पुढे १९८२ मध्ये त्यांनी त्याला थारा दिला आणि तो त्यांच्या तळावर स्वतःची चाकांवरची खोली, म्हणजे कॅरव्हॅन, घेऊन राहिला. १९८८ च्या ‘इन फ्लॅग्रांटे’ या ग्रंथात त्याचे १९७६ सालचे, जॅरो गावचे एक चित्र आहे: विटांच्या भिंतीवर अंग चोरून बसलेला, डोके भादरलेला मुलगा, मोठ्या माणसाचा वाटावा असा कोट, पायांत जड बूट, घट्ट मिटलेले डोळे आणि कपाळाशी दाबलेल्या मुठी. कारखाना कोठेही दिसत नाही, तरी त्या बुटांत आणि त्या मुठींत एका गावाची बेकारी उतरली आहे. अमेरिकेतील ब्रॅडॉक या पोलादी गावच्या लाटोया रूबी फ्रेझर हिने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिने आपली आजी, आई आणि आपण स्वतः अशा तिघींना विषय केले, आणि २०१० मध्ये गावातले रुग्णालय बंद झाले तेव्हा तेही आपल्या कथेत घेतले. भट्टी विझल्यानंतरचा खरा विध्वंस दवाखान्यात आणि स्वयंपाकघरात होतो हे तिला बाहेरून शिकावे लागले नाही.

आपल्याकडे या जातीचे काम अहमदाबादेने दिले. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाचा मजकूर आणि पार्थिव शाह यांची छायाचित्रे मिळून २००४ साली निघालेल्या ‘वर्किंग इन द मिल नो मोअर’ या ग्रंथात गिरणीतून बाहेर फेकले गेलेले कामगार नंतर कोठे गेले, कोणत्या रोजंदारीवर लागले, याचा पाठपुरावा आहे. चित्र आणि शब्द येथे एकमेकांचे साक्षीदार होतात. मुंबईला असा छायाचित्रग्रंथ लाभला नाही. तिचे दुःख दुसऱ्या कलांनी वाहिले: जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने संपानंतरच्या घराची पडझड रंगभूमीवर आणली, सुधीर पटवर्धनांनी लोअर परळ रंगवले, अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००१ च्या ‘साचा’ या माहितीपटात पटवर्धन आणि नारायण सुर्वे यांना एकत्र आणले, मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभर आवाजांचा मौखिक इतिहास सिद्ध केला. या सर्वांपुढे स्थिर छायाचित्र मागे पडले हे कबूल केले पाहिजे.

आणि तरीही दोन्ही शहरांतून याच काळात श्रमाची अव्वल दर्जाची छायाचित्रे निघाली, ती गिरणीची नव्हेत, सफाईची. मुंबईत सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपले; चेन्नईत एम. पळनी कुमार यांनी मैला आणि गटारे उपसणाऱ्यांच्या मृत्यूंचा आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांचा माग काढला. कुमार हे मदुराई जिल्ह्यातले, त्यांची आई मासळी विकणारी. २०१७ च्या ‘कक्कूस’ या माहितीपटाचे छायालेखन त्यांचे, आणि पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या सहकार्याने दयानिता सिंग यांच्या नावे दिला जाणारा माहितीछायाचित्रणाचा २०२२ चा पहिला पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या चित्रांत मृताची तसबीर हातात धरून उभ्या असलेल्या बायका आपल्याकडे सरळ पाहतात, याचना करीत नाहीत. कामगारांच्या आणि कोळ्यांच्या मुलांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांना शिकवण्याचे जे काम ते करतात, त्याचे मोल मला त्यांच्या चित्रांइतकेच वाटते. सफाईचे काम भर रस्त्यात, दाराआड न होता चालते, म्हणून कॅमेऱ्याला ते गाठता आले हे खरे. पण त्याहून मोठे कारण हे की, हे छायाचित्रकार त्या जीवनाशी नात्याने बांधलेले होते.

गिरणीच्या बाबतीत अशा कामाची वेळ टळून गेली, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅनडातील ग्लेस बे या खाणगावच्या शेडन स्टुडिओने कोळसा कंपनीसाठी यंत्रांची आणि खाणकामगारांसाठी लग्ना-बारशांची छायाचित्रे काढली होती. ती एकत्र छापून १९८३ मध्ये जो ग्रंथ निघाला, त्यात ॲलन सेक्युला या समीक्षकाने दाखवून दिले की, एकाच स्टुडिओच्या दोन कपाटांत भांडवल आणि श्रम यांचा सगळा इतिहास शेजारी शेजारी पडून होता. अशी कपाटे पेरंबूरला आहेत, लालबागलाही आहेत. सेवानिवृत्त होणाऱ्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, निरोपाचे सामूहिक छायाचित्र घ्या: मधल्या खुर्चीवर हार घातलेला सत्कारमूर्ती, शेजारी खातेप्रमुख, मागे बाकावर उभी राहिलेली तिसरी रांग, पुढे मांडी घालून बसलेले बदली कामगार, आणि खाली पुठ्ठ्यावर डावीकडून उजवीकडे छापलेली नावे. कोण खुर्चीवर आणि कोण जमिनीवर, कोणाच्या नावामागे श्री. आणि कोणाचे नुसतेच नाव, एवढे वाचले तरी खात्याची सारी उतरंड उलगडते.

चाळी पाडल्या जात आहेत, ट्रंका भंगारात जात आहेत, आणि ज्यांना त्या पुठ्ठ्यावरची नावे ओळखता येतील ती माणसे सत्तरी-ऐंशीची झाली आहेत. म्हणून विनंती अशी की, नुंगंबाक्कमच्या संस्थांनी आपले पुढचे एखादे प्रदर्शन पेरंबूरच्या वस्तीत, तमिळ मजकुरासह भरवावे आणि येणाऱ्या कुटुंबांकडून त्यांची छायाचित्रे नकलेसाठी मागून घ्यावीत. आणि मुंबईत परळ-लालबागच्या ग्रंथालयांनी आणि कामगार संघटनांनी असे एक दफ्तर याच वर्षी उघडावे. ज्या वाचकाच्या घरी असे छायाचित्र, हजेरीकार्ड किंवा गिरणीच्या दारातला एखादा फोटो असेल, त्याने निदान एवढे करावे: घरातील वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या बाजूला पेन्सिलीने गिरणीचे नाव, खाते, साल आणि प्रत्येकाचे पूर्ण नाव लिहून ठेवावे.