‘खर्च होत नाही’ : उत्प्रेरकाच्या व्याख्येची एक चिकित्सा

‘उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, परंतु स्वतः खर्च होत नाही.’ विद्यार्थ्यांना तोंडपाठ असलेल्या या व्याख्येची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये या क्रियेला नाव दिले. मराठीत या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात, उर्दूत अमल-अंगेज, म्हणजे क्रियेला चेतवणारा. दोन्ही शब्द आरंभाकडे बोट दाखवतात. क्रिया संपल्यावर त्या पदार्थाचे काय होते, याविषयी दोन्ही गप्प आहेत.

कारखान्यात खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो. फ्रीडेल-क्राफ्ट्स अ‍ॅसिलीकरणात अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड तयार झालेल्या पदार्थाशी घट्ट बांधले जाते. ते सोडवण्यासाठी पाणी घालावे लागते, आणि मग ते विघटित होऊन आम्लयुक्त सांडपाण्यात जाते. त्याला उत्प्रेरक म्हणणे हा शब्दाचा फारच सैल वापर होय! वनस्पती तुपाच्या उद्योगात निकेल गाळून पुन्हा वापरता येते. तथापि तेलातील गंधक व फॉस्फरसयुक्त अशुद्धींमुळे तेही हळूहळू मंदावते. अ‍ॅनास्टस व वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांपैकी नववे तत्त्व उत्प्रेरकाचे आहे. परंतु उत्प्रेरक वापरला एवढ्याने प्रक्रिया हरित ठरत नाही.

शोधनिबंधांतील ‘पाच वेळा वापरूनही उत्पादन तेवढेच’ या विधानाकडेही सावधपणे पाहिले पाहिजे. भरपूर वेळ दिला तर अर्धमेला उत्प्रेरकही काम पूर्ण करतो. म्हणून तुलना अंतिम उत्पादनाची नव्हे, प्रारंभीच्या वेगाची हवी. शिवाय मिश्रण गरम असतानाच घन उत्प्रेरक गाळून काढावा. उरलेल्या द्रवात अभिक्रिया चालूच राहिली, तर विरघळलेला धातू काम करत होता असे समजावे.

भरवेलीच्या खाणीमुळे मँगनीज हा शब्द बालाघाटच्या मुलांना घरचा आहे. सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइड टाकून ऑक्सिजन मिळवण्याचा प्रयोगही परिचित आहे. शेवटी पूड गाळून, धुऊन, वाळवून ‘वजन तेवढेच’ असे लिहिले की वही मिटते. वजन टिकले म्हणजे कार्यक्षमता टिकली, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. अध्यापकांनी तीच पूड दुसऱ्या व तिसऱ्या खेपेस, त्याच तापमानाला, तेवढ्याच ताज्या द्रावणात वापरून ५० मिलिलिटर ऑक्सिजन जमायला लागणारा वेळ मोजून घ्यावा. गाळणकागदाला चिकटून राहिलेल्या पुडीचीही नोंद करावी.